रक्तवस्त्र, काव आणि आमची करडई

आयुर्वेद आणि रंग असा विषय निघाला की हल्ली कुणीतरी सात चक्रांचा तक्ता पुढे करतं. मूलाधार तांबडं, सहस्रार जांभळं, मधली पाच इंद्रधनुष्यासारखी ओळीनं. चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांत हा तक्ता नाही. तंत्रग्रंथांत चक्रांना रंग आहेत, नाही असं नाही. पण पूर्णानंदांचं षट्चक्रनिरूपण उघडलं तर मणिपूर मेघासारखं काळंभोर निघतं आणि आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं. इंद्रधनुष्याचा क्रम विसाव्या शतकात पश्चिमेकडच्या मंडळींनी जुळवला आणि आपण तो 'प्राचीन' म्हणून परत विकत घेतला.

रंगीत दिव्यांची कथाही तशीच. अमेरिकेत बॅबिट यांचं प्रकाश आणि रंग यांवरचं जाडजूड पुस्तक १८७८ साली निघालं. मग १८७३ साली मुंबईत जन्मलेले दिनशा घडियाली हे पारशी गृहस्थ तिकडे गेले आणि १९२० साली त्यांनी 'स्पेक्ट्रो-क्रोम' नावाचं रंगीत काचांचं यंत्र काढलं. मधुमेहापासून क्षयापर्यंत सगळ्यावर एकच पेटी. १९४७ साली तिथल्या कोर्टानं त्यांना दोषी ठरवलं. आमच्या लातूरकडच्या शिबिरांत निळा बल्ब लावून पित्त उतरवणारे वक्ते येतात, त्यांचे खरे आजोबा हे घडियाली. भावप्रकाश लिहिणाऱ्या भावमिश्रांशी त्यांचं काही नातं नाही. हे एका परिसंवादात बोललो, तेव्हापासून काही स्नेही मला बोलावत नाहीत. चालायचंच.

संहितांतल्या रंगांचा मोठा भाग रोगपरीक्षेचा आहे. नेत्र, जिव्हा, मूत्र, मल, त्वचा यांचे वर्ण विद्यार्थ्यांना पाठ असतात, त्यात इथं शिरत नाही. रसाला रंग देणारं रंजक पित्त आणि कांती राखणारं भ्राजक पित्त यांचीही उजळणी नको. रसशास्त्रातल्या भस्मांच्या रंगांवर माझ्यापेक्षा उत्साही माणसं लिहितात.

सुश्रुतांपाशी मात्र थांबावंसं वाटतं. व्रणाच्या साठ उपक्रमांत ते कृष्णकर्म आणि पांडुकर्म सांगतात. जखम भरली, पण वण पांढरा राहिला, तर तो काळा करायचा. काळा राहिला, तर उजळ करायचा. पहिल्यासाठी बिब्ब्याचं तेल आणि जनावरांच्या खुरांची राख, दुसऱ्यासाठी शेळीच्या दुधात सात रात्री भिजवलेलं रोहिणीचं फळ. माणूस बरा झाला एवढ्यावर या वैद्याचं समाधान नाही, त्याची कातडी पुन्हा एका रंगाची दिसली पाहिजे. मनाच्या आरोग्यावर व्याख्यानं देणाऱ्यांनी हा भाग एकदा वाचावा.

चरकांच्या वर्ण्य गणातली दहा द्रव्यंही अशीच. चंदन, पद्मक, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा… यातलं अर्धं सामान नरकचतुर्दशीच्या उटण्यात असायचं. आता उटण्याच्या पाकिटात सुगंध तेवढा उग्र असतो.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात दिनचर्येच्या ओघात कपड्यांचा विषय आहे. रेशमी, लोकरी आणि तांबडं वस्त्र वात-कफ घालवतं, ते थंडीत वापरावं. काषाय वस्त्र शीत आणि पित्तघ्न, ते उन्हाळ्यात. पांढरं ना उष्ण ना शीत, ते पावसाळ्यात. रंगानं स्वास्थ्य राखण्याचा याहून सरळ आयुर्वेदीय आधार मला माहीत नाही, आणि इतका दुर्लक्षितही.

यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, भावमिश्रांनी रंगद्रव्याचं नाव घेतलेलं नाही, म्हणजे रंग डोळ्यांवाटेच काम करतो. बाजारातला कुठलाही लाल टी-शर्ट चालेल. मी दुसऱ्या पक्षात, आणि या पक्षात माणसं फार नाहीत. नाव घ्यायची त्यांना गरजच नव्हती. त्या काळी तांबडं कापड म्हणजे मंजिष्ठा, आल, लाख नाहीतर कुसुंभ, आणि काषाय म्हणजे काव किंवा सालींचा काढा. शिवाय काव, म्हणजे गैरिक, निघंटूत शीत आणि पित्तशामकच सांगितली आहे. कावेचा गुण आणि काषाय वस्त्राचा गुण तंतोतंत जुळतो, हा योगायोग म्हणायचा का? वस्त्र अंगाला लागतं, त्यात घाम मुरतो, आणि औषध कातडीवाटे लेपानं आत जातंच. आयुर्वेदात रंग द्रव्यापासून सुटा नाही, एवढंच माझं कित्येक वर्षांचं म्हणणं.

आमच्या भागाला हे सगळं घरचं होतं. खरोशाची लेणी ज्या तांबड्या जांभ्यात कोरली, त्या रंगाची काव तुळशीवृंदावनाला आणि उंबऱ्याला लागायची. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा. बहुतेक घरांत खारव्याच्या गोधड्या. खारवा म्हणजे आलीच्या मुळ्यांत रंगवलेलं जाडंभरडं तांबडं कापड. थंडीत अंगावर तांबडं घ्यावं हे भावमिश्रांनी सांगितलं म्हणून कुणी करत नव्हतं, मिळायचंच तसं. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूची गावं सिमेंटमध्ये उभी राहिली, ते बरंच झालं, दगडमातीच्या भिंतींनी माणसं घेतली होती. पण मातीबरोबर मातीचे रंगही गेले.

आणि करडई. औशाच्या काळ्या रानात रब्बीला करडईचं पिवळं-केशरी रान पाहिलेली पिढी अजून आहे. करडई म्हणजेच कुसुंभ, युनानी हकिमांचा कुर्तुम. याच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात सुटतो, तो धुऊन काढायचा. उरलेल्या लगद्यातला तांबडा नुसत्या पाण्याला दाद देत नाही. पापडखाराच्या पाण्यात तो सुटतो आणि लिंबाचा रस पडला की कापडावर बसतो. पहिल्यांदा उपरणं रंगवलं तेव्हा निघालेला गुलाबी मी दुकानात कधी पाहिला नव्हता. उन्हात तो टिकत नाही, हे खरं. जुन्या बायका दरवर्षी पुन्हा रंगवून घेत असणार. औशातल्या भावसार घरांत चौकशी केली, तर म्हाताऱ्यांना रंगाच्या कढया आठवत होत्या, पण त्यांत पडायच्या त्या परदेशी पुड्या. १८५६ साली पर्किननं डांबरापासून जांभळा रंग काढला, १८६८ साली जर्मनांनी मंजिष्ठेचा तांबडा प्रयोगशाळेत बनवला, आणि पुढे आमच्या रंगारी गल्ल्यांतून आल आणि कुसुंभ उठले.

विरोधक इथं दोन वार करतात. पहिला असा की चरकांनी वनस्पतिज तेलांत कुसुंभाचं तेल सर्वांत अहितकर म्हटलंय. म्हटलंय खरं. पण मी तेलाची नव्हे, फुलाची वकिली करतो. (आणि घाण्याच्या करडईच्या तेलाशिवाय आमच्याकडे कारळाची चटणी घशाखाली उतरत नाही, याला चरकांचा इलाज नाही.) दुसरा वार जड आहे. भावमिश्रांनीच कुसुंभ कफ-रक्तपित्त घालवणारा, पण वातूळ सांगितला. मग त्यात रंगवलेलं वस्त्र वात कसा घालवेल? माझं उत्तर असं की थंडीचं रक्तवस्त्र मंजिष्ठेचं धरावं, ती उष्ण आहे. कुसुंभी उपरणं कफाच्या माणसानं वसंतात वापरावं. हे माझं अनुमान आहे, ग्रंथवचन नाही. पण निदान द्रव्यगुणाच्या वाटेनं चालणारं आहे.

आज परिस्थिती अशी की सोयाबीन काढलं की रानात हरभरा पडतो. करडई बांधालाही दिसत नाही. काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत, ही तक्रार जुनी. पूर्वी दवात काटे मऊ असताना पहाटे काढणी उरकायचे. फलटणच्या निंबकर संस्थेनं 'नारी-६' हा बिनकाटेरी वाण काढून त्यालाही वीसेक वर्षं होऊन गेली. परभणीच्या विद्यापीठानंही वाण दिले. पाकळ्या सुकायला लागल्यावर खुडल्या तर दाण्याचं उत्पन्न घटत नाही, म्हणजे एकाच ताटाचे दोन पैसे. हे मी शेतकरी मेळाव्यांत सांगत आलो. लोक ऐकून घेतात आणि भाव विचारतात.

भावाचं मला सांगता येत नाही. वैद्यांना पाकळ्या लागत नाहीत, कारण वापरायला कुणी शिकवत नाही. हळदीत पिवळी भेसळ असते, कुंकवात हळदच नसते. खरं कुंकू म्हणजे हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस लावून लाल केलेलं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं कुंकू मात्र मला अजून बाजारात दिसलं नाही. करडईच्या पाकळ्यांना मोठं गिऱ्हाईक आहे ते एकच, आणि ते पेठेतलं: केशरात मिसळणारं. कुंकुमादी तेलासाठी म्हणून गेल्या वर्षी मी आणलेल्या डबीत निम्म्याहून अधिक आमचीच करडई होती. दुकानदाराला तसं म्हटलं, तर त्यानं ती परत घेतली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दिली.