धारेची वेळ किती बदलावी व कशी बदलावी

दुभत्या जनावराची धार नेमल्या वेळी काढावी, हा नियम आमचे शेतकरी बंधू वाडवडिलांपासून पाळीत आले आहेत. नियम खरा आहे. परंतु त्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि थंडीच्या कडाक्यात १० अंशांखाली उतरतो. सेलू-मानवतकडे कापूसवेचणीच्या दिवसांत घरातील झाडून सारी माणसे रानात असतात. कृषिपंपास जेथे पाळीने रात्री वीज मिळते, तेथे धनी रात्रभर पिकास पाणी देत असतो. अशा मुलखात बारा महिने एकच वेळ धरून बसणे कोणासही शक्य नाही. सबब वेळ कोणत्या मर्यादेत व कोणत्या रीतीने बदलावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम कासेतील व्यवहार समजून घेतला पाहिजे. दूध धारेच्या वेळी तयार होत नाही; ते दिवसरात्र तयार होऊन कासेत साठत असते. कास भरत आली म्हणजे आतील दाब वाढतो व नवे दूध तयार होण्याची गती मंदावते. साधारणपणे बारा तासांपर्यंत ही गती फारशी घटत नाही. सोळा तास उलटल्यावर मात्र ती स्पष्ट कमी होते. असे वरचेवर घडले तर जनावर लवकर आटते. मात्र सर्व जनावरांस एकच माप लावता येत नाही. आपली लाल कंधारी गाय एका वेतात सरासरी ६०० लिटरांच्या आसपास दूध देते. तिची कास चौदा तासांतही तट्ट भरत नाही. दिवसास बारा-पंधरा लिटर देणाऱ्या संकरित गाईची गोष्ट निराळी. तिच्या दोन धारांमधील अंतर शक्य तितके बारा तासांजवळ ठेवणे इष्ट होय.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. वासराने ढुसण्या दिल्या किंवा ओळखीच्या हाताने सड धुतले म्हणजे जनावराच्या रक्तात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक उतरते व पान्हा सुटतो. त्याचा अंमल अवघी पाच-सात मिनिटे टिकतो. तेवढ्यात धार पुरी झाली पाहिजे. जनावर भ्याले किंवा हात परका वाटला, तर ते पान्हा चोरते. गाईच्या कासेतील खालच्या पोकळीत सुमारे पाचवा हिस्सा दूध आधीच उतरलेले असते. म्हशीच्या बाबतीत हा हिस्सा विसाव्याच्या आसपासच असतो. म्हणून अनोळखी माणूस बसताच म्हैस जवळजवळ कोरडी राहते. पान्हा आणण्यासाठी काही लोक सुई टोचतात. जनावराच्या आरोग्यास अपाय करणारा असा उपाय करणे, हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

यावरून ध्यानी येईल की, जनावर घड्याळ पाहत नाही; ते क्रम ओळखते. आंबोण, सड धुणे, वासरू सोडणे आणि धार, हा क्रम व हात कायम राहिला तर वेळ सरकविता येते. मात्र ती एका दिवसात सरकवू नये. रोज पंधरा मिनिटांप्रमाणे दोन तासांचा फरक आठ दिवसांत सहज पडतो. वेळेबरोबर चारापाण्याची वेळही तितकीच सरकवावी. उन्हाळ्यात पहाटे पाच व सायंकाळी सात ही वेळ आम्हास सोयीची वाटते. अंतर चौदा व दहा तासांचे पडते आणि दोन्ही धारा उन्हाबाहेर राहतात. म्हशीस घाम कमी येतो व तिचा काळा रंग ऊन शोषून घेतो. तिला सायंकाळच्या धारेपूर्वी पाण्याने निववावे.

आता पैशाचा हिशेब पाहू. लांब अंतरानंतरचे दूध मापाने अधिक, पण पातळ असते. आखूड अंतरानंतरचे कमी, पण दाट असते. समजा, एका गाईने सकाळी ७ लिटर दूध ३.३ फॅटचे व सायंकाळी ५ लिटर ४.१ फॅटचे दिले. दिवसाची सरासरी ३.६ च्या वर येते. परंतु गाईच्या दुधास ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून केंद्रावर प्रत्येक वेळेची पावती वेगळी फाडली जाते, त्यामुळे सकाळच्या दुधाचा दर कापला जातो. अशा वेळी यंत्रास किंवा मापाड्यास दोष देण्यापूर्वी आपल्या दोन धारांमधील अंतर मोजावे. शेवटच्या धारा सर्वांत दाट असतात. घाईने त्या कासेत सोडल्या तर फॅटही जाते व कासदाहासही वाट मिळते.

न्यूझीलंडमध्ये माणसांचे श्रम वाचावे म्हणून काही शेतकरी दोन दिवसांत तीनच धारा काढतात. तेथील मोठ्या कळपांस व चराऊ कुरणांस ते परवडते. दोन-चार जनावरांवर घरखर्च चालविणाऱ्या आपल्या कुटुंबांनी धार गाळण्याचे अनुकरण करू नये. वेळ सरकवावी, पण धार चुकवू नये. लग्नसराईत किंवा वेचणीत घरची बाई बाहेर असेल, तर दुसरा हात आधी पंधरवडाभर तिच्याबरोबर बसवून ओळखीचा करून ठेवावा. आज पुष्कळ घरी हा भार एकट्या बाईवर आहे. ती आजारी पडताच दूध निम्म्यावर येते.

शेवटी एक सूचना. शेतकऱ्याने वेळ बदलली आणि संकलन केंद्राने बदलली नाही, तर उन्हाळ्यात दूध केंद्रावर पोहोचण्यापूर्वीच नासते. ओल्या गोणपाटात, पाण्याच्या टाकीत बरणी ठेवली तरी तासाभराहून अधिक भरवसा धरता येत नाही. यास्तव प्रत्येक गावच्या दूध संस्थेने होळीपूर्वी सभासदांस विचारून उन्हाळी वेळ ठरवावी, ती फळ्यावर लिहावी आणि पावसाळा लागेपर्यंत मोडू नये. सभासदांनीही धारेची वेळ, लिटर व फॅट रोज एका वहीत मांडावी. महिनाभराच्या नोंदीवरून कोणती वेळ आपल्या गोठ्यास मानवते, हे कोणासही सांगता येईल.