वाकीची वही

निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर तारीख आहे १४ ऑक्टोबर २०२३, आणि खाली लेकीची नोंद : ‘वजन ९४ ग्रॅम. लांबी मोजू दिली नाही.’ लेक इंग्रजीत लिहिते, मी इथे मराठीत देते आहे. त्या शनिवारी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनातून आम्ही चार महिन्यांचं बोआचं पिल्लू घरी आणलं. पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गपासून जवळच आमचं घर आहे. लेक तेव्हा तेरा वर्षांची होती आणि दोन वर्षं ती या एकाच गोष्टीसाठी मागे लागली होती. पिल्लू तिच्या दंडाला दोन वेढे घालून स्थिर बसलं, म्हणून आजीच्या दागिन्यावरून तिने नाव ठेवलं वाकी.

गेला आठवडाभर मी ती वही पुन्हा वाचते आहे. दीड वर्षाच्या नोंदी आहेत. बहुतेक नोंदी एका ओळीच्या. पण पहिल्या तीन महिन्यांची पानं मला आजही सरळ वाचवत नाहीत, कारण त्यात जे बिघडलं ते माझ्या हातून बिघडलं.

आधी तिच्या घराबद्दल. मध्य अमेरिकेतल्या बोआची ही जात, बोआ इम्परेटर. जंगलाच्या कडेला, झाडांच्या ढोलीत, दगडांच्या फटीत राहणारी. मादी साधारण सहा-सात फुटांपर्यंत वाढते. म्हणून आम्ही सुरुवातीलाच मोठी काचेची टाकी घेतली, वर जाळीचं झाकण. आपल्याला वाटतं, पिल्लाला ऐसपैस जागा दिली की ते सुखात राहील. वाकी पहिले आठ दिवस टाकीच्या एका कोपऱ्यात डोकं वेटोळ्याखाली घालून बसली. हातभर लांबीच्या त्या जिवाला शिकार करायची असते तशीच शिकार होण्याची भीतीही असते. घार, कोल्हा, मोठा साप, कुणीही तिला उचलू शकतं. उघडी जागा म्हणजे तिच्यासाठी धोका. लेकीने मग बुटांच्या खोक्यांच्या दोन लपणी केल्या, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. दोन हव्यातच. एकच असली तर ऊब हवी की आडोसा, यातलं एक तिला सोडावं लागतं, आणि घाबरलेला साप आडोसाच निवडतो, मग अंगात ऊब नसली तरी.

नोव्हेंबरात घरातली हीटिंग सुरू झाली आणि हवा कोरडी ठाक झाली. टाकीतली आर्द्रता तीस टक्क्यांवर आली. बोआला साठ-पासष्ट टक्के लागते. पहिली कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली, शेपटीच्या टोकाला एक कडं तसंच चिकटून राहिलं. ते राहिलं तर आवळून शेपटीचं टोक मरतं, म्हणून कोमट ओल्या टॉवेलात तिला अर्धा तास सरपटू दिलं आणि ते सुटलं. जाळीच्या झाकणावर ॲल्युमिनियमचा कागद लावला, खाली सायप्रसच्या झाडाच्या सालीचा भुगा घातला, पाण्याचं भांडं मोठं केलं. शेवटी काचेची टाकी बाजूलाच ठेवली आणि दोन फूट लांब, एक फूट रुंद प्लॅस्टिकच्या पेटीला भोकं पाडून तिला त्यात हलवलं. त्या रात्री ती पहिल्यांदा बाहेर येऊन पेटीभर फिरली. नोंद आहे : ‘११ वाजता बाहेर. जीभ सारखी चालू.’

आता ते डिसेंबरचं पान.

आमच्या घरात जेवायला वाढणं हीच मायेची भाषा आहे. माझ्या आईच्या हाताखाली मी तेच शिकले. पाहुणा नको म्हणाला तरी अर्धी पोळी पानात पडायची. आजारी माणसाला पेज, रुसलेल्या मुलाला शिरा. त्यामुळे दहा दिवसांनी एकदा, बोटाएवढा उंदीर, हे वेळापत्रक मला आतून पटलंच नव्हतं. लेक शाळेत गेली की मी पेटीपाशी जायची. वाकी काचेसारख्या डोळ्यांनी बघायची, जीभ लपलपवायची, आणि मला वाटायचं, भूक लागली असेल. लेक शाळेच्या सहलीला तीन दिवस गेली तेव्हा, आधीच्या जेवणाला पाचच दिवस झालेले असताना, मी तिला खाऊ घातलं. तेही पूर्ण वाढलेला उंदीर, पंचवीस ग्रॅमचा. तिच्या स्वतःच्या वजनाच्या पावपट. तिने तो घेतला, गिळला. मला फार समाधान वाटलं.

त्यात दुसरी चूक मिसळली. आदल्या दिवशी पेटी पुसताना थर्मोस्टॅटची तार मी परत लावली ती थेट हीट मॅटला चिकटवून, पेटीच्या बाहेरून. मॅट तापली की थर्मोस्टॅटला वाटायचं पुरे झालं, आणि तो वीज तोडायचा. आत जमीन जेमतेम पंचवीस अंशांवर. उबदार बाजूला एकतीस-बत्तीस अंश सेल्सियस हवेत आणि गार बाजूला सव्वीस-सत्तावीस. बाहेर बर्फ पडत होता आणि मी निर्धास्त होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तेव्हा घरभर वास सुटला. उंदीर बाहेर पडला होता, डोक्याकडचा भाग विरघळलेला. वाकी दुसऱ्या टोकाला लांब पडली होती. अशी सरळ, वेटोळं नसलेली, मी तिला कधी पाहिली नव्हती. लेक संध्याकाळी परत आली. तिने मला रागावून काही म्हटलं नाही. तिने वजन केलं, ८३ ग्रॅम, आणि वहीत लिहिलं : ‘उलटी. आईने खाऊ घातलं.’

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी जे समजावलं ते मी नंतर पुष्कळ वाचून पक्कं केलं. सापाला आपल्यासारखी आतली ऊब नसते. त्याचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. शिवाय दबा धरून बसणाऱ्या सापांचं पोट दोन जेवणांच्या मधे जवळजवळ बंद असतं. बर्मी अजगरांवर संशोधक स्टीफन सीकर यांनी केलेल्या कामात दिसलं की उपाशी अजगराच्या जठरात आम्ल नसल्यातच जमा असतं. जेवल्यानंतर एक-दोन दिवसांत ते तीव्र होतं, आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं आणि हृदयसुद्धा वाढतं. पचन झालं की सगळं पुन्हा आवरून ठेवलं जातं. म्हणजे जेवण हे त्या शरीरासाठी मोठं कार्य आहे. मांडव घालायचा, चुली पेटवायच्या, मग आवरायचं. ऊब नसेल तर चूलच पेटत नाही आणि आतला उंदीर पचायच्या आधी कुजू लागतो. साप तो बाहेर टाकतो, कारण नाही टाकला तर तो मरेल. पण टाकतानाही जठरातलं आम्ल अन्ननलिका भाजत जातं, अंगातलं पाणी आणि क्षार जातात. म्हणूनच लहान पिल्लू लागोपाठ दोन-तीनदा ओकलं तर बहुतेक वेळा वाचत नाही.

डॉक्टरांनी पंधरा दिवस काहीच द्यायचं नाही असं सांगितलं. फक्त ताजं पाणी आणि बरोबर तापमान. हात लावायचा नाही. पेटीवर आम्ही टॉवेल टाकला. ते पंधरा दिवस माझ्यासाठी कठीण गेले. घरात एक जीव उपाशी आहे आणि त्याला उपाशी ठेवणं हेच औषध आहे, हे मनाला समजावत मी स्वयंपाक करायची. सोळाव्या दिवशी पाच ग्रॅमचं उंदराचं पिल्लू दिलं. ते पचलं. पुन्हा बारा दिवस थांबलो. मग सात ग्रॅम. मार्चच्या शेवटी वजन ११२ झालं आणि लेकीने त्या आकड्याभोवती लाल गोल काढला.

खाऊ घालण्याची रीत आता घरात सगळ्यांना पाठ आहे. उंदीर गोठवलेले, मारूनच आलेले. जिवंत उंदीर आम्ही कधी दिला नाही. जिवंत उंदराला भीतीने मरायला लावायचं नव्हतं, आणि कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाचा डोळा फोडू शकतो. आदल्या रात्री एक उंदीर डब्यात घालून वितळायला ठेवायचा, मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात ठेवायचा, आपल्या अंगाएवढा कोमट होईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, तो आतून शिजतो आणि फुटतो. फूटभर लांब चिमट्याने शेपटीकडून धरून पेटीत हलवायचा. जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, त्याहून फार नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. आणि नंतर आपले हात साबणाने धुवायचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. आमच्याकडे सोमवार-गुरुवार पाळतात, त्यामुळे गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर घेतला.

लेकीचं लक्ष एका गोष्टीकडे फार आहे. चिमटा हलवत राहिला तर वाकी आवळत राहते. थांबवला तर थोड्या वेळाने विळखा सैल करते. याचं उत्तर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, कार्लाइलच्या डिकिन्सन कॉलेजात सापडलेलं आहे. स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवून ते बोआंना दिले. धडधड चालू असेपर्यंत साप आवळत राहिले, ती थांबली की सोडू लागले. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. २०१५ मध्ये त्यांनीच दाखवलं की विळख्यातला उंदीर गुदमरून मरत नाही. दाबामुळे रक्त फिरणंच काही सेकंदांत थांबतं. मी शाळेत असताना कात्रजच्या सर्पोद्यानात ऐकलं होतं की अजगर भक्ष्याची हाडं मोडतो. तसं नसतं. तो दुसऱ्याच्या काळजाचा ठोका अंगाने ऐकत असतो.

एप्रिल ते सप्टेंबर २०२४ माझी आई आमच्याकडे होती. तिचं माहेर शिराळ्याजवळ, बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तिने लहानपणी पाहिलेली. पकडलेले नाग मडक्यांत ठेवत, घरोघर फिरवत, सण झाला की रानात सोडत. आमच्या घरात साप आहे हे तिला फोनवर सांगताना मला धाकधूक होती. तिने आल्या दिवशी पेटीपाशी खुर्ची ओढली आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “हिला दूध देत नाही ना गं कुणी?” नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलं. तहानेने मरायला टेकलेला साप पाणी समजून दूध पितो आणि मग त्यानेच मरतो, हे तिच्या वडिलांनी तिला सांगितलेलं. लेकीने तिला दाखवलं की वाकीच्या शेवटाकडे दोन बारीक नखं आहेत, सापांच्या हरवलेल्या मागच्या पायांची खूण. आईने चष्मा लावून ती पाहिली आणि हात जोडले.

तिच्याकडूनच मांडुळाचा विषय निघाला. आपल्याकडचं मांडूळ हे या बोआचंच दूरचं भावंड, तेही पिल्लं घालतं, अंडी नाही. गुप्तधनाच्या खुळापायी लोक त्याला पकडून लाखोंना विकायला बघतात आणि बिचारं पिशवीत गुदमरून जातं. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ते पाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. इथेही मोठ्या सापांबद्दल वाद झाला. २०१२ आणि २०१५ मध्ये बर्मी अजगर, ॲनाकोंडा अशा आठ जातींवर केंद्र सरकारने बंधनं आणली. बोआचा प्रस्तावही होता, तो मागे घेतला गेला. पण अरुबा बेटावर सुटलेल्या बोआंनी काय केलं ते आम्ही वाचलं आहे, म्हणून वाकीच्या पेटीला दोन कुलुपं आहेत. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगला. लेक कॉलेजला जाईल, कुठे नोकरी धरेल, आणि वाकी असेलच. तिला आणण्याआधी आम्ही दोघांनी लेकीला शब्द दिला, ती नसेल तेव्हा ही आमची.

आई होती त्या वर्षी, २०२४ मध्ये, नागपंचमी ९ ऑगस्टला, शुक्रवारी आली. आईने पाटावर गंधाने नाग काढले, लाह्या ठेवल्या, तवा चढवला नाही, दिंडं उकडली. दुपारी ती मला हळूच म्हणाली, “आजच्या दिवशी तिलाही काहीतरी घालू या का?” मी उत्तर द्यायच्या आधी लेकीने वही उघडून आजीसमोर धरली. मागचं जेवण होऊन नऊच दिवस झाले होते. आईने बोटाने ओळी वाचल्या, डिसेंबरच्या पानापर्यंत मागे गेली, तिथे थांबली. माझ्याकडे बघितलं. मग तिनेच पेन मागितलं आणि खाली मराठीत लिहिलं : ‘नागपंचमी. दिलं नाही. सोमवारी.’ वहीतली मराठी नोंद तेवढी एकच आहे.

त्या ऑक्टोबरात वजन २६० ग्रॅम होतं. गेल्या महिन्यात चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी आली, समोरून उघडणारी, आत आडवी फांदी. वाकी रात्री फांदीवर चढते. जेवण आता पंधरा दिवसांनी, पुढे तीन आठवड्यांवर जाईल. जास्त खाऊ घातलेले बोआ लवकर मोठे होतात, यकृतात चरबी साठते आणि लवकर जातात, हे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिलं.

काल, मे २०२५ च्या दुसऱ्या रविवारी, जेवणाचा दिवस होता. उंदीर कोमट झाला, लेकीने चिमटा आत नेला. वाकीचे डोळे दुधाळ झाले होते, कात टाकायला आली होती. ती मागे सरली आणि लपणीत गेली. लेकीने पाच मिनिटं थांबून उंदीर बाहेर काढला, कचऱ्यात टाकला, आर्द्रतेचा आकडा पाहिला, बहात्तर. वजन केलं नाही. वहीत लिहिलं : ‘नको म्हणाली.’

रात्री झोपण्याआधी मी एकटी त्या खोलीत गेले. उबदार बाजूच्या लपणीतून जिभेचं टोक तेवढं आत-बाहेर होत होतं. थर्मामीटर एकतीस दाखवत होता. मी दिवा बंद केला.