आकडा हलत नाही, तरी शाफ्टला तडा का जातो?

आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका शाफ्टचं आयुष्य काढलं होतं. शाफ्ट वाकत होता आणि पिळलाही जात होता, पण दोन्ही भार एकाच वेळी शिगेला पोचत नव्हते. एक पूर्ण जोरात असताना दुसरा शून्यावर. ‘तडा जाणार नाही’ असं रिपोर्टात लिहून मी मोकळा झालो. चाचणीच्या यंत्रावर काही दिवसांतच तडा दिसला, शाफ्टची जाडी बदलते त्या कोपऱ्यात.

चुकलं कुठे? आकडेच घेऊ. समजा, वाकण्याचा ताण अधिक 173 ते उणे 173 मेगापास्कल असा हेलकावतो, पिळाचा अधिक 100 ते उणे 100, आणि दोघांत 90 अंशांचं अंतर आहे. व्हॉन मिसेसचं सूत्र म्हणतं, वाकण्याच्या ताणाचा वर्ग घ्या, त्यात पिळाच्या ताणाच्या वर्गाची तिप्पट मिळवा आणि वर्गमूळ काढा. आता गंमत बघा. फेऱ्यातल्या कुठल्याही क्षणी उत्तर साधारण 173च येतं! आकडा हलतच नाही. मग धातू थकणार कसा? मी याच आकड्याला भुललो.

पण व्हॉन मिसेसच्या आकड्याला ना दिशा, ना चिन्ह. धातूतले स्फटिकांचे थर मात्र ठरावीक दिशेनेच घसरतात आणि तिथेच तडा जन्मतो. अक्षाला काटकोनातला काप डोळ्यांसमोर आणा. त्यावरचा सरकवणारा ताण अधिक 100 वरून उणे 100 वर जातोच आहे.

म्हणून ‘क्रिटिकल प्लेन’ पद्धत. त्या बिंदूतून, समजा दर 10 अंशांवर, एकेक काप घ्यायचा. प्रत्येकावर सरकण्याची विकृती किती बदलते आणि काप उघडणारा ताण जास्तीत जास्त किती, ते काढायचं. फतेमी आणि सोशी यांनी 1988 मध्ये या दोन गोष्टी एका सूत्रात बांधल्या. उघडणारा ताण तड्याच्या दोन बाजूंमधलं घर्षण कमी करतो, म्हणून तडा लवकर वाढतो. सगळ्यात वाईट कापाचा आकडा आलेखावर नेऊन फेऱ्या वाचायच्या.

एवढं करूनही उत्तर दुप्पट किंवा निम्मं चुकलं, तरी आमच्यात ते चांगलंच मानतात. त्यामुळे खरी चाचणी सोडू नका. आणि स्क्रीनवर रंगीत चित्र आलं की आधी विचारा, भार एकाच वेळी चढतात का? मी ते विचारलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात!