पोट आलेलं पोलाद

शहरातल्या तरुणांसाठी चालणारी केंद्रं म्हटली की ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येतं: व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर, इंग्रजी संभाषण, मुलाखतीला कसं बसावं याचे धडे, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यात हे सगळं होतंच, आणि त्यात वाईट काही नाही. पण छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांना लागणारा हात कुठे घडतो ते बघायचं असेल, तर जालना रोडने शेंद्र्याला पोहोचायच्या आधीच चिकलठाणा एमआयडीसीत वळावं लागतं. तिथे इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथल्या शिक्षणाची सुरुवात कानशीने होते.

संस्थेचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ही संस्था जर्मनीच्या तांत्रिक सहकार्यातून उभी राहिली. तिच्या बहिणी इंदूरला आणि अहमदाबादला आहेत. छोट्या कारखानदाराला महागडी यंत्रं परवडत नाहीत, त्याच्यासाठी साचे आणि डाय बनवून द्यायच्या आणि त्याच छपराखाली मुलांना ते काम शिकवायचं, असा दुहेरी हेतू. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा, मेकॅट्रॉनिक्सचा तीन वर्षांचा, शिवाय सीएनसीचे छोटे अभ्यासक्रम. शिकण्याची जागा आणि गिऱ्हाइकाच्या ऑर्डरची जागा एकच असल्याने मुलगा वहीत काढलेली डाय पलीकडच्या टेबलावर खरोखर तयार होताना बघतो. साध्या कॉलेजात हे मिळत नाही.

आजूबाजूचा मुलूख मात्र थोडा सांगायला हवा. आधी चिकलठाणा, मग 1985 मध्ये बजाजच्या कारखान्यामुळे वाळूज, मग 2001 पासून स्कोडाच्या गाड्यांमुळे शेंद्रा. पुढे पर्किन्सची इंजिनं आली, लीबहेरचे फ्रिज आले, आणि 2019 च्या सप्टेंबरात ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं ऑरिक हे औद्योगिक शहर शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचं. चैत्रात मांगीरबाबांच्या यात्रेला उसळणारी गर्दी सोडली तर जे शेंद्रा गाव जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, त्याचं नाव आता उद्योगाच्या नकाशावर ठळक अक्षरांत छापलं जातं. छत्रपती संभाजीनगर शहरात 2010 च्या दसऱ्याच्या सुमाराला दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम विकल्या गेल्या आणि देशभर बातम्या झाल्या. त्या घेणारे उद्योजक, बिल्डर, डॉक्टर. कारखान्यांसाठी ज्याची जमीन गेली त्याच्या घरातला प्रश्न वेगळा होता, आजही आहे: पोराला कंपनीत चिकटवायचं कसं?

त्या पोराच्या हातात टूल रूम काय देते? माइल्ड स्टीलचा एक चौकोनी तुकडा, हॅक्सॉने कापलेला, खडबडीत. शॉपमध्ये त्याला ‘जॉब’ म्हणतात. जॉब व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानशीने घासून एक बाजू सपाट करायची. मग तिच्याशी काटकोनात दुसरी, मग तिसरी. ड्रॉइंगवर माप असतं आणि मापापुढे अधिक-उणे लावून मिलिमीटरचे काही शतांश. काम एवढंच. दहावीला गणितात नव्वद मार्क पडलेला मुलगाही पहिले काही दिवस इथे सपशेल हरतो.

हरतो, कारण कानस सरळ चालत नाही. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताचा तळवा टोकावर. ढकलायला सुरुवात करताना टोक जॉबवर असतं आणि मूठ बरीच मागे; अशा वेळी उजव्याने जोर लावला की मूठ खाली झुकते आणि जॉबची अलीकडची कड खाल्ली जाते. कानस पुढे सरकते तसं उलटं होतं: मूठ जॉबजवळ येते, टोक पलीकडे लांब जातं, आणि आता डाव्याचा जोर पलीकडची कड उतरवतो. म्हणजे एका फटक्यात, सेकंदभरात, जोर डाव्या हातातून उजव्यात सरकत गेला पाहिजे. परत येताना जोर अजिबात नको, कारण दाते पुढे जातानाच कापतात. हे जमेपर्यंत दोन्ही कडा उतरतात आणि मधोमध पोट येतं.

पोट आलंय हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. गुण्याची पट्टी जॉबवर उभी धरून खिडकीकडे बघितलं की मध्ये अंधार आणि दोन्ही टोकांना उजेडाची चीर दिसते. व्हर्नियर मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवतो, मायक्रोमीटर शंभरावा. गुण्याखालून येणारा उजेड त्याहूनही बारीक फट पकडतो. त्याच्या पुढची परीक्षा निळीची. सरफेस प्लेटवर मार्किंग ब्लूचा पातळ थर देऊन जॉब त्यावर फिरवायचा; जिथे निळं लागलं तो उंचवटा. पोट आलेल्या जॉबला फक्त मध्ये ठिपका लागतो. मग तेवढाच ठिपका घासायचा, पुसायचा, पुन्हा प्लेटवर फिरवायचा. दात्यांत कीस अडकला की तो जॉबवर ओरखडे काढतो, म्हणून कानशीवर खडू चोळायचा आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने दाते झाडायचे. तळहाताला फोड येतात. पोळी लाटणाऱ्या हाताला कडेवर जोर कधी सोडायचा ते जसं आपोआप कळू लागतं, तसं एके दिवशी इथेही कळू लागतं, आणि ते नेमकं कसं कळलं हे मुलाला नीट सांगता येत नाही.

जर्मनीतही पिढ्यानपिढ्या शिकाऊ मुलांना सुरुवातीचे आठवडे यू आकाराचं पोलाद घासायला लावत. तिथली मुलं त्याला कंटाळत, इथलीही कंटाळतात. त्यांची तक्रार रास्त आहे. पलीकडच्या दालनात वायर-कट मशीन आहे: पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार, पाण्यात उडणाऱ्या ठिणग्या, आणि कॉम्प्युटरवर काढलेली कुठलीही आकृती कडक पोलादातून लीलया कापून निघते. हे यंत्र असताना महिनाभर हात का झिजवायचा?

उत्तर डायपाशी गेल्यावर मिळतं. पत्र्यातून साधा वॉशर पाडायचा तरी वरून पंच येतो आणि खाली डाय असते, आणि दोघांमध्ये मुद्दाम फट ठेवावी लागते. एक मिलिमीटर पत्र्याला प्रत्येक बाजूने साधारण पाच शतांश. फट जास्त झाली की वॉशरच्या कडेला धातूची टोचरी किनार, म्हणजे बर, येते. कमी झाली की पंचाची धार लवकर मरते. पंच जरा तिरका बसला की बर एकाच बाजूला येते. अनुभवी टूलमेकर मशीनकडे बघतच नाही, पाडलेला वॉशर उचलतो. कापलेल्या कडेवर चकाकता पट्टा किती आणि तुटल्यासारखा खरबरीत भाग किती, बर कुठल्या अंगाला, यावरून डायचं दुखणं ओळखतो. दुरुस्तीचे शेवटचे एक-दोन शतांश अजूनही बहुतेक वेळा हातानेच काढले जातात. डायचं डी-टू पोलाद कडक करून कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साठीच्या आसपास नेल्यावर कानस त्यावर चालत नाही, पण तिचा उपयोग संपत नाही. कडक झालंय का ते बघायला कोपऱ्यावर एकदा कानस ओढून बघतात: घसरली तर झालं, चावली तर उष्णोपचारात गडबड आहे.

हे सगळं बघून कुणीही भारावेल. भारावून झाल्यावर चिकलठाण्यातून शेंद्र्याच्या गेटांपर्यंत जावं, म्हणजे काळजी सुरू होते.

सीएनसीवर माणसांच्या तीन पायऱ्या असतात. ऑपरेटर जॉब लावतो आणि बटण दाबतो, सेटर टूल बांधून ऑफसेट देतो, प्रोग्रामर प्रोग्राम लिहितो. कारखान्याला रोज ढिगाने लागतो तो ऑपरेटर, आणि त्याला तयार करायला काही आठवडे पुरतात. चार वर्षं शिकलेल्या टूलमेकरच्या जागा मोजक्या. त्या बहुतेक कारखान्यांच्या टूल मेंटेनन्समध्ये किंवा डाय बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये. चांगले हात मग चाकणला जातात; पुणं पाच-सहा तासांवर आहे आणि तिथे पगार बरा. मराठवाड्यासाठी घडवलेला हात मराठवाड्यात टिकत नाही, ही टूल रूमची चूक म्हणता येणार नाही, पण हिशेबात धरावीच लागेल अशी गोष्ट आहे.

राहणाऱ्यांसाठी शिकाऊ उमेदवारी आहे. 1961 च्या कायद्याखाली, 2019 च्या दुरुस्त नियमांनुसार, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच असतात. मुदत संपल्यावर त्यांना कामावर ठेवण्याचं बंधन मात्र मालकावर नाही. मग एक तुकडी जाते, दुसरी येते, लाइन चालू राहते. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावीला दरमहा 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. मुदत सहा महिने ठेवली होती, ती वाढवून अकरा केली. आणि ती संपत आल्यावर ‘आता पुढे काय’ म्हणत प्रशिक्षणार्थीच आंदोलनाला बसले. त्यांचा प्रश्न बिनतोड होता. प्रशिक्षण हे कुठल्या तरी कामासाठी असतं, आणि ते काम समोर दिसत नसेल तर प्रशिक्षण हीच नोकरी वाटू लागते.

मुली या सगळ्यात कमी दिसतात. कानशीला ताकद लागते हा समज त्याचं एक कारण, आणि तो चुकीचा आहे. जोर कुठे सोडायचा हे कळणं महत्त्वाचं, दंड नव्हे. दुसरं कारण खरं आहे: सेकंड शिफ्ट रात्री उशिरा सुटते आणि करमाडकडे किंवा कुंभेफळला जायला कंपनीची बस नसेल तर घरचे पाठवत नाहीत.

उरतो तो मुलगा जो नोकरीच्या मागे न लागता चिकलठाण्यात भाड्याने गाळा घेतो, एक सेकंडहँड स्पार्क इरोजन मशीन आणि एक सरफेस ग्राइंडर टाकतो, आणि डाय बनवू लागतो. टूल रूमच्या शिक्षणाचं सगळ्यात चांगलं फळ तोच. डायच्या पोलादाचे पैसे त्याला रोख मोजावे लागतात, उष्णोपचाराचेही. डाय पोहोचवल्यावर ट्रायल, ट्रायलनंतर दुरुस्ती, मग ‘फर्स्ट पीस अप्रूव्हल’, आणि त्यानंतर बिल. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. आता तर मुदत उलटूनही वर्षअखेर थकलेल्या पैशांची त्या वर्षाच्या प्राप्तिकरात वजावटही मिळत नाही. दाद मागायला सुविधा परिषद आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. गाळेवाला तो करत नाही. त्याच गिऱ्हाइकाकडून त्याला पुढच्या डायची ऑर्डर हवी असते.