डाळीच्या पाण्यावर बाळ अंग धरत नाही

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचे अन्न सुरू करायचे, हे आता आपल्या वस्त्यांमध्ये बहुतेक घरांना ठाऊक आहे. अंगणवाडीच्या ताई सांगतात, लस देणाऱ्या सिस्टर सांगतात. अडते ते पुढे. वरचे अन्न म्हणून बाळाच्या तोंडात पहिल्यांदा काय जाते? डाळीचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज, नाहीतर चहात बुडवलेले बिस्कीट. बाळाचे पोट इवलेसे. ते पाण्याने भरले की बाळ गप्प होते, झोपी जाते, आणि घरच्यांना वाटते, बाळ जेवले. डाळ मात्र पातेल्याच्या तळाशीच राहिलेली असते.

याची किंमत बाळ मोजते. आईच्या पोटातून येताना बाळ लोहाचा जो साठा घेऊन येते, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. आईच्या दुधात बाकी सारे असले तरी लोह थोडे असते. म्हणून तिथून पुढे ते अन्नातून जावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. तिघांतली दोन मुले. आपली वस्ती त्यातून वेगळी नाही.

मोबाईलवरच्या व्हिडिओत भाजीची प्युरी दाखवतात. त्यात मिक्सर असतो, वाफेचे भांडे असते, फ्रिजमध्ये बर्फाच्या साच्यात गोठवलेल्या वड्या असतात. ते पाहून आपली एखादी सून म्हणते, हे आपल्या खोलीत कुठून जमायचे? आमचे म्हणणे आहे, जमते, आणि जास्तीचा गॅस न जाळता जमते. घरच्यांच्या डाळ-भाताचा कुकर लावताना त्यातच एका झाकणाच्या वाटीत बाळाची भाजी ठेवायची. लाल भोपळ्याची फोड, गाजर, रताळे, बटाटा, दुधी, मटार, यातले बाजारात जे स्वस्त असेल ते. भाजी आधी धुवायची, मग सोलायची आणि चिरायची. कुकर उतरला की ती चमच्याच्या पाठीने कुस्करायची. मटारची साले आणि गाजराचे तंतू नको असतील तर पुरणाच्या चाळणीतून काढायची. घट्ट वाटले तर वाटीत सुटलेले पाणी किंवा आईचे दूध थोडे घालायचे.

किती पातळ, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चमचा थोडा कलता करा. गर चमच्यावर टिकला पाहिजे. ओघळून गेला तर तो पाणीच झाला.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी. नवी भाजी एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस तीच, म्हणजे पुरळ उठले किंवा जुलाब झाले तर कशाने ते कळते. बाळाने जीभ बाहेर काढून थुंकले म्हणजे त्याला ते आवडत नाही असे लगेच ठरवू नका, गिळायला ते अजून शिकते आहे. चार दिवसांनी पुन्हा द्या. हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि सोबत आईचे दूध चालूच. ते दोन वर्षांपर्यंत.

पण नुसत्या भाजीवर थांबू नका. भोपळ्याने अ जीवनसत्त्व मिळते, लोह फारसे नाही. म्हणून आठ-दहा दिवसांत त्याच गरात घोटलेली डाळ आणि मऊ भात आला पाहिजे, वर अर्धा चमचा तेल. तेलाने ताकद येते आणि भोपळा-गाजरातले जीवनसत्त्व अंगी लागते. पुढे पूर्ण उकडलेले अंडे, काटे काढलेली ताजी मासळी, नीट शिजवून बारीक केलेली कलेजी थोडीशी. आपल्या घरात हे शिजते, मग बाळालाच का वगळायचे? सुकट-बोंबील मात्र नको, त्यात मीठ फार. वर्षाच्या आत मीठ, साखर घालू नये, मध तर अजिबात चाटवू नये. शेंगदाणा, चणा, कच्च्या गाजराचा तुकडा घशात अडकतो.

काही घरी उष्टावणाला मामा गावाहून यायचा म्हणून किंवा चांगला दिवस बघायचा म्हणून बाळ आठव्या महिन्यापर्यंत थांबते. मुहूर्त तर आपण १९५६ सालीच नागपूरला सोडून आलो. विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन कौतुक कधीही करता येते. बाळाच्या भुकेला तारीख कळत नाही.

खरा पेच आईच्या कामाचा आहे. माता रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न लहानपणीच गेले. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. रमाईंच्या नावाने वसलेल्या घाटकोपरच्या वस्तीतून, मुलुंड-बोरिवली-अंधेरीच्या वस्त्यांतून आज ज्या बाया सकाळी धुणी-भांड्याला निघतात, त्यांना ती रजा नाही. बाळ आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ राहते. सकाळी शिजवलेला गर दुपारपर्यंत मुंबईच्या दमट उकाड्यात ठेवणे धोक्याचे. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत संपवावे, आणि वाटीतले उष्टे पुन्हा देऊ नये. त्यापेक्षा नाचणी आणि मुगाची डाळ भाजून, दळून डबा भरून ठेवा. आजी पाच-दहा मिनिटांत घट्ट लापशी शिजवेल. केळे तर ऐनवेळी सोलून कुस्करता येते. पिंपातले पाणी उकळून निववलेले, हात साबणाने धुतलेले, आणि भरवायला वाटी-चमचा. बाटली नको, तिचे बूच आतून स्वच्छ होत नाही.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायला जो आहार मिळतो, तो बाळाच्या हक्काचा आहे, सगळ्या घरात वाटून संपवू नका. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे औषध आशाताईंकडून मागून घ्या. नवव्या महिन्यात गोवरच्या लशीबरोबर अ जीवनसत्त्वाचा डोस असतो, तोही चुकवू नका. दर महिन्याला वजन करून कार्डावर भरून घ्या. लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही, तर "आमच्याकडे सगळे बारीकच असतात" असे म्हणून घरी बसू नका. कार्ड घेऊन दवाखान्यात जा.