हात बसतो म्हणजे काय होतं?

पुण्याच्या पूर्वेला मांजरी आहे. तिथे १९९७ सालापासून द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. गोडी छाटणीत काडीवरचे डोळे पाहून काप घ्यायचा. काप चुकला, तर त्या काडीचा घड गेलाच.

नवा गडी दर काडीपाशी थांबतो. डोळे मोजतो, मुकादमाला विचारतो. जुना गडी गप्पा मारीत कात्री चालवतो. आपण म्हणतो, याचा हात बसला. पण हाताला काय कळतं? बसलं ते डोक्यात.

आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी बारीक पेशी असतात. पेशीला वेलीसारख्या फांद्या असतात. काडी पाहिली की काही पेशी जाग्या होतात आणि दुसऱ्या पेशींना निरोप धाडतात. पेशीच्या आत हा निरोप विजेसारखा धावतो. दोन पेशींच्या मध्ये बारीक फट असते. तिथे एक रसायन सुटतं आणि निरोप पलीकडे पोचवतं. त्याच पेशी वरचेवर एकदम जाग्या झाल्या, की त्यांची जोड पक्की होते. मग निरोप सहज जातो. रोजच्या गाडीने चाकोरी पडते ना, तसंच हे. आपली आठवण असल्या जोडांतच राहते.

"आता या वयात डोक्यात काय शिरणार?" असं म्हणणारे आम्हांला घरोघर भेटतात. हे ऐकून वर्गाला निघालेली बाई उंबऱ्यातून परत फिरते.

लखनौजवळच्या खेड्यांत शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांना त्यांनी सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं. त्यांत बहुतेक बायकाच होत्या. अक्षरं देवनागरी, म्हणजे आपलीच. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. (त्याचं यंत्र मोठं असतं. दुखत नाही, आवाज मात्र फार करतं.) २०१७ साली निष्कर्ष छापून आला. डोळ्यांची खबर पुढे धाडणारा मेंदूच्या खोलातला भाग आणि पाहिलेलं ओळखणारा मागचा भाग, यांचं काम आता जास्त जुळून चालत होतं.

वय वाढलं की शिकायला वेळ जास्त लागतो, हे खरं. म्हणून एका बैठकीत वीस अक्षरं घोकू नयेत. रोज तीन-चार घ्यावीत. झोपही पुरी घ्यावी, कारण दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. आज 'क्ष' अडला, तर वही मिटून निजावं. सकाळी चहा झाला की पुन्हा तोच काढून बघावा.