रजा लागली तरी पाळणाघर हवंच

परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू हिरिरीने मांडली. १९२९ साली कायदा झाला.

आज लोअर परळला गिरण्यांच्या जागी कार्यालयं आहेत. देशाच्या मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे रजा दिली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाण्याची मुभाही.

पण थोरल्या मुलाच्या पाळणाघरासाठी कंपनी देत असलेला भत्ता दुसऱ्या बाळंतपणाची रजा लागताच बंद झाला तर? या रजेच्या काळात नोकरीच्या अटी बाईच्या तोट्यात बदलायला कायद्याची मनाई आहे. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. रजेच्या अर्जासोबतच भत्त्याबद्दल लेखी उत्तर मागून घ्या.